आधी लस, मग उपदेश

फुटपाथवर भीक मागणाऱ्या माणसाजवळ कुत्रा बसलेला दिसला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘स्वतःला खायला मिळत नाही, मग कुत्रा कशाला बाळगतात?’ विचारणाऱ्याला कुत्र्याची दया आलेली असते, असं धरून चालू. दया चांगलीच. पण ती पुढे काय मागते? कुत्रा त्या माणसाकडून काढून घ्या, एवढंच. आणि या एका मागणीने कुत्रा आणि माणूस, दोघांचंही वाटोळं होतं.

तो कुत्रा कुणी दुकानातून विकत आणलेला नसतो. पिल्लू रस्त्यावरच जन्मतं, आई गाडीखाली जाते, ऊब शोधत ते कुणाच्या तरी गोधडीत शिरतं आणि तिथलंच होतं. उद्या त्याला त्या माणसापासून ‘सोडवलं’, तर ते कुणाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार नाही. त्याच रस्त्यावर राहील, पण एकटं. म्हणून त्याची तुलना सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्रॅडॉरशी करू नका. गटाराकाठी एकट्या पडलेल्या, कुणाचंच नसलेल्या कुत्र्याशी करा. मग दिसेल की या कुत्र्याच्या वाट्याला एक गोष्ट जास्त आलेली आहे. त्याच्यावर कुणाची तरी नजर आहे.

लेस्ली आयर्विन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी बेघर माणसं आणि त्यांची जनावरं यांच्यावर २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं : ‘माय डॉग ऑलवेज इट्स फर्स्ट’. माझा कुत्रा आधी जेवतो, हे रस्त्यावरच्या माणसांनी त्यांना सांगितलेलं सत्य त्यांनी थेट मुखपृष्ठावर घातलं. कुत्र्याला आत घेत नाहीत म्हणून निवाऱ्याची जागा नाकारणारी माणसंही त्यांना भेटली. मुंबई-पुण्यात चित्र वेगळं असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोणत्याही उड्डाणपुलाखाली पाच मिनिटं उभं राहावं. मिळालेल्या वडापावातला पाव आधी कुणाच्या तोंडात जातो, ते बघावं.

याचा अर्थ त्या कुत्र्याचं सगळं ठीक चाललंय असा नाही. मुळीच नाही. त्याचं पोट भरतं ते पाव आणि ग्लुकोज बिस्किटांवर. अंगावर गोचीड असते, पोटात जंत असतात, खरूज लागली की महिनोन्‌महिने जात नाही. पिल्लूपणी पार्व्होची लस मिळाली नाही, तर रक्ताच्या हगवणीत ते दोन-चार दिवसांत संपू शकतं. गळ्यात सुतळी असते. पिल्लू वाढतं, सुतळी वाढत नाही. ती कातडीत रुतत जाते आणि जखमेत अळ्या पडतात. मे महिन्यात डांबर तापलं की पंजे पोळतात. हे सगळं खरं आहे. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे : लस, जंताचं औषध, गोचिडीचं औषध, सैल करता येणारा रुंद पट्टा, पाण्याचं भांडं. कुत्र्याला त्याच्या माणसापासून तोडण्याची गरज यातल्या एकाही उपायात नाही.

आता खऱ्या क्रौर्याबद्दल. पिल्लाला गुंगीचं औषध देऊन मांडीवर पाडून ठेवणारा, आईच्या दुधावरचं पिल्लू तोडून आणून उन्हात मांडणारा, एक मेलं की दुसरं आणणारा कुणी असेल तर तो गुन्हेगार आहे. त्याची गय नको. पिल्लू तासन्‌तास डोळे उघडत नसेल, हाताळूनही जागं होत नसेल, तर तक्रार कराच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम त्यासाठीच आहे. अपायकारक औषध देणं, आखूड साखळीने सतत बांधून ठेवणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, सगळं त्यात येतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५०. जनावराचा छळ आपल्या कायद्याने एवढा स्वस्त ठेवला आहे. कुत्र्यांच्या नावाने कळवळणाऱ्यांनी आधी या आकड्यावर बोलावं.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. जनावराच्या मालकाने त्याला पुरेसा निवारा दिला नाही, तर तोही गुन्हा. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, तो कुत्र्याला छप्पर देत नाही म्हणून दोषी ठरू शकतो. त्याला छप्पर न देणाऱ्या शहराला मात्र कुणी दोषी धरत नाही.

दुसरा कायदा बघा. भीक मागण्याला बंदी घालणारा, मूळ मुंबई राज्याचा, १९५९ चा. भीक कशाला म्हणावं, हे सांगताना त्यात जनावराचा उल्लेख आहे. माणसाची किंवा जनावराची जखम, व्यंग, रोग दाखवून पैसे मागणं म्हणजे भीक. एवढाच. जनावर या कायद्याला दिसतं ते जखमेपुरतं. दोषी ठरलेल्या माणसाला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या व्यक्तीचं काय करायचं, याचीही तरतूद केलेली आहे. कुत्र्याचं काय करायचं, याची नाही. गाडी येते, माणसाला उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाकडे नेते, आणि कुत्रा त्या गोधडीवर बसून राहतो. दया कुठे गेली मग? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. कायदा जिथे जन्मला त्या महाराष्ट्रात ती उचलाउचलीची सोय शाबूत आहे.

तिसरा घोळ कागदाचा. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे पाळलेल्या कुत्र्याची नसबंदी, लस, जंताचं औषध ही मालकाची जबाबदारी आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक संस्थेची. फुटपाथवरच्या माणसाचा कुत्रा कुठे बसवायचा? मालक आहे, पण परवान्याच्या अर्जावर लिहायला पत्ता नाही. पैसे नाहीत. पालिकेची गाडी आली की तो भटका, आणि चावला की मात्र ‘त्या भिकाऱ्याचा कुत्रा’. जबाबदारी टाळायची तेव्हा त्याला मालक असतो, उचलायचा असतो तेव्हा नसतो.

त्यात ७ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली भटकी कुत्री हलवा, नसबंदी आणि लसीकरण करून आसऱ्यात ठेवा, पुन्हा त्या जागी सोडू नका. स्थानकावरून चालणाऱ्या लहान मुलाला कुत्र्याची भीती वाटू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. पण बेघर माणूस झोपतो कुठे? स्थानकाबाहेर, एसटी स्टँडवर, सरकारी इस्पितळाच्या भिंतीलगत. नेमक्या याच जागा. तिथे त्याच्या अंगाला अंग लावून झोपणारा कुत्रा उचलला, तर तो कुणाचा आहे हे कोण विचारणार? पावती कोण देणार? परत मागायला त्याने कुठे जायचं? याची उत्तरं प्रत्येक पालिकेने लिहून टांगायला हवीत.

भीती रेबीजची असेल तर उपाय त्या फुटपाथवरच बसलेला आहे. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा केंद्र सरकारचा राष्ट्रीय आराखडा आहे. त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली हवी. लस टोचण्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कुत्रा पकडणं. जाळी घेऊन धावावं लागतं, एक पकडला की दहा पळतात. आणि इथे एक कुत्रा आहे जो हाक मारली की येतो, मांडीवर डोकं ठेवतो, तोंड धरू देतो. त्याला लस द्यायला जाळी लागत नाही, त्याच्या माणसाशी दोन शब्द नीट बोलावं लागतं. आसपासच्या चार कुत्र्यांची माहितीही तोच माणूस देईल : कोणती व्यायलेली, कोणती चावरी, कोणता कालपासून लाळ गाळतोय. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला चाव्याचा धोका असतोच. त्याच्याजवळचा कुत्रा लस घेतलेला असणं, हे आधी त्याच माणसाच्या जिवासाठी हवं.

ब्रिटनमध्ये हे लोकांना कळलेलं आहे. डॉग्ज ट्रस्ट या संस्थेने १९९४ मध्ये बेघरांच्या कुत्र्यांना मोफत उपचार देणारा होप प्रोजेक्ट सुरू केला. २०१६ मध्ये लंडनच्या दोन पशुवैद्यांनी स्ट्रीटव्हेट उभी केली. डॉक्टर पाठीवर बॅग घेऊन फुटपाथवर जातात, कुत्र्याला तिथेच तपासतात. बेघरांच्या वसतिगृहांनी कुत्र्यासकट माणूस आत घ्यावा, यासाठीही या दोन्ही संस्था पाठपुरावा करतात. आपल्याकडे हात कमी नाहीत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. रस्त्यावर जाऊन कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या संस्था मुंबई-पुण्यात कित्येक वर्षं राबत आहेत. पण दादरच्या फुटपाथवरून आजारी कुत्रा परळला न्यायचा, तर कोणता टॅक्सीवाला त्या माणसासाठी थांबतो? दवाखान्याने त्याच्यापर्यंत जायला हवं.

आणि ज्यांना भीक मागणारा आणि कुत्रा ही जोडीच ओंगळ वाटते, त्यांनी घरातली दत्ताची तसबीर एकदा नीट बघावी. खांद्याला झोळी, पायाशी चार कुत्री. दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागणारा हा देव महाराष्ट्राने किती शतकं पुजला आहे. दर गुरुवारी त्याच्यापुढे हात जोडायचे आणि देवळाच्या पायरीवर तीच जोडी बसली की तिला हुसकायला सुरक्षारक्षक ठेवायचा, हे भक्तीत बसत नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा, असं पालिकांना सांगायचं आहे. लसीकरणाची गाडी पहाटे किंवा रात्री, माणसं जागेवर असताना, उड्डाणपुलांखाली न्या. लस फुकट द्या आणि त्या माणसाच्या नावाने कार्ड द्या. पत्त्याच्या जागी पुलाच्या खांबाचा क्रमांक लिहिला तरी चालतो. दुसरं, माणसाला उचलावंच लागलं, इस्पितळात किंवा आणखी कुठे, तर कुत्र्याची नोंद करा, त्याला केंद्रात ठेवा आणि माणूस परतला की त्याच्या हवाली करा. तिसरं, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक कायमचा निवारा असावा, हे ठरलेलं आहे. ते निवारे पुरे करा आणि प्रत्येकात कुत्र्यासाठी एक कोपरा ठेवा. धुता येणारी फरशी, एक कडी, एक पाण्याचं भांडं. एवढ्यावरून माणसाला रात्रभर पावसात बाहेर ठेवू नका.

तुम्हीआम्हीही हात झटकायचं कारण नाही. बिस्किटाचा पुडा टाकून पुढे जाऊ नका; भात-अंडं किंवा भाकरी-दूध द्या, आणि माणसाच्या हातात द्या, म्हणजे कुत्र्याला ते त्याच्याच हातून मिळेल. रुतलेली सुतळी दिसली तर पट्टा आणून द्या. ओळखीच्या पशुवैद्याला लस टोचायला घेऊन या. आणि आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न लेखी विचारा : प्रभागात रात्रनिवारा किती जणांचा आहे, आणि त्यात कुत्र्याला प्रवेश आहे का? उत्तरही लेखीच मागा, आणि ते मिळेपर्यंत दर महिन्याला विचारत राहा.