गाडीची हळद

आमच्या पद्मिनीखाली रोज सकाळी ओलं वर्तुळ दिसायला लागलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्याचा आपापला अर्थ लावला. आईचा संशय गल्लीतल्या कुत्र्यावर. शेजारच्या काकांनी त्यात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि "पेट्रोल नाही, मंग कायची चिंता?" असा निकाल देऊन ते चहाला बसले. मी गुडघे टेकून खाली पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब फुगत होता. पडू की नको, अशा विचारात तो बराच वेळ लोंबला आणि पडला. तोवर मागे दुसरा तयार.

गाडी १९८६ ची, बाबांची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये मोटारींची कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचं हे ११०० डी मॉडेल १९६४ पासून बनू लागलं आणि पुढे त्याचं नाव पद्मिनी झालं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत तिच्यावर लेख आले होते. ते वाचून आईने विचारलं, "आपली चालते ना अजून?" चालते, म्हटलं. पेट्रोलपेक्षा पाणी जास्त पिते, हे सांगितलं नाही.

रेडिएटर गळतोय म्हटल्यावर आमच्या महागावात कुणीही एकच उपाय सांगतो: हळद टाका. हा सगळा पट्टाच हळदीचा. उमरखेडकडे जा नाहीतर हिंगोलीकडे, शिजवलेली हळद अंगणात वाळत पडलेली दिसते. बोट कापलं की हळद, घसा धरला की हळद. मग गाडीनेच काय पाप केलं? आणि उपाय लागूही पडतो. पाण्याबरोबर फिरणारी पूड गळतीच्या बारीक भेगेत जाऊन फुगते, अडकते आणि थेंब थांबतो. बाबांचा तर त्यावर फार विश्वास. माहूरच्या घाटात गाडी उकळून शिट्ट्या मारायला लागली की ते खाली उतरत, बोनेट उघडत आणि गाडी थंड होईपर्यंत आम्हाला रेणुकामातेची आरती म्हणायला लावत. मग टोपणावर ओलं फडकं टाकून ते बेताने सैल करायचं, धनोड्याला पैनगंगेतून भरून घेतलेलं कॅनमधलं पाणी ओतायचं आणि खिशातून कागदाची पुडी काढून वर चिमूटभर हळद. देवीच्या पायांशी हळद वाहिल्यासारखंच सगळं.

या खेपेला मात्र पुडीने दाद दिली नाही. रेडिएटर काढायचा ठरला.

काढणं म्हणजे ऐकायला चार बोल्ट आणि दोन होजपाइप. खालचा कॉक फिरवला तर तो गंजून बसलेला, म्हणून खालचा पाइपच सैल केला आणि कढलेल्या चहाच्या रंगाचं पाणी कोपरापर्यंत बाहीत गेलं. वरचा पाइप पितळी नळीला असा चिकटला होता की जणू सासरी निघालेली मुलगी आईला. तो ओढायचा नसतो, हे मला नंतर कळलं. हिसका दिला तर नळीच डाखातून उखडते. आधी पिळून पिळून त्याची पकड सोडवायची. बोल्टांना रात्रभर रॉकेल पाजलं होतं. तीन निघाले. चौथ्याने मान टाकली, म्हणजे डोकं माझ्या पान्यात आलं आणि धड तिथेच राहिलं. शेजारचे काका त्या वेळी म्हणाले, "घाई केली तुमी." ते सकाळपासून खुर्चीवर बसून होते.

पुसदला एका बोळात रेडिएटरचं काम करणारे चाचा आहेत. भाता जाऊन ब्लोअर आला, एवढाच काय तो फरक. बाकी त्यांचं दुकान मला लहानपणच्या कल्हईवाल्याचंच वाटतं. तेच कथील, तोच नवसागर, तोच नाकात जाणारा पांढरा धूर. पितळेच्या पातेल्याला कल्हई आणि पितळेच्या रेडिएटरला डाख ही एकाच घरातली भावंडं. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी येते. ती फुटली की चाचा हात लावत नाहीत. नुसते भंगारवाल्याच्या दिशेने मान हलवतात.

त्यांनी आमच्या रेडिएटरची दोन्ही तोंडं रबराने बंद केली, तो हौदात बुडवला आणि हवा सोडली. कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे खिळ्याने खूण केली. मग म्हणाले, "हे तं दहा मिनिटांचं काम हाय. पन हा आतून पाहा लागते." ज्योत फिरवत त्यांनी वरच्या टाकीचा डाख वितळवला, कथील पाऱ्यासारखं घरंगळत आलं आणि झाकण सुटलं. आत चपट्या नळ्यांची तोंडं ओळीने दिसायला हवी होती. दिसला तो पिवळट तपकिरी थर, बोअरच्या जड पाण्याच्या क्षारात मळलेला, पिठल्याची खरपूड बसावी तसा. निम्म्या नळ्या बुजलेल्या. गळती बुजवणाऱ्या हळदीला भेग कुठली आणि वाट कुठली हे कळत नाही; ती दोन्ही बुजवते. म्हणजे गाडी उकळते म्हणून बाबा हळद टाकत होते आणि हळद टाकली म्हणून ती पुढच्या घाटात आणखी उकळत होती.

चाचांनी तो थर नखाने खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनं टाकली?"

"वडिलांनी."

"एवढी हळद लागली, मंग लगन कधी लावता हिचं?"

मग एकेका नळीत पोलादी पट्टी घालून त्यांनी ती वरखाली केली. दुपारभर पिवळी भुकटी पडत राहिली. मी ती पाहत बसलो होतो. प्रत्येक थर एकेका माहूरच्या फेरीचा असणार. त्यातल्या एखाद्या थरात मी मागच्या सीटवर उभा राहून आरतीचं तेच कडवं तिसऱ्यांदा म्हणत होतो. चाचांनी भुकटी झाडूने लोटून बाहेर टाकली. मी काही बोललो नाही. त्यांना गिऱ्हाइकं होती.

रेडिएटर चढवून आता दोन महिने झाले. माहूरचा घाट भर मे महिन्यात, दुपारी, न थांबता चढलो. आईला चुकल्यासारखं झालं. आरती राहिली म्हणाली. पाणी आता आरओचं आणि कूलंट घालून. हळद अजिबात टाकायची नाही, असं चाचांनी दोनदा बजावलं आहे.

डॅशबोर्डच्या खणात बाबांची पुडी अजून आहे. चाचांना सांगू नका.