टाक्या विकल्या, आता हिशेब द्या

मत्स्य-अनुदानाच्या दलालांनो,

साष्टांग नमस्काराला तुम्ही पात्र नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

2020 साली 20,050 कोटींची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. टाकीला, पिंजऱ्याला खुल्या प्रवर्गासाठी 40 टक्के अनुदान. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 60. आमच्या पाटणच्या शेतकऱ्याने अटी वाचण्याआधी तुम्ही तयार प्रकल्प अहवाल घेऊन त्याच्या दारात उभे. अहवाल एकच, वरचं गावाचं नाव तेवढं वेगळं. या कामात तुमचा हात कोणी धरणार नाही.

तुम्ही विकलेल्या बायोफ्लॉकच्या टाकीत माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया जिवाणू पचवतात. त्यांना मळी किंवा गूळ घालावा लागतो, आणि रात्रंदिवस हवा द्यावी लागते. ब्लोअर थांबला की दाट भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत मरतात. कोयनेचा वीजप्रकल्प 1,960 मेगावॉटचा. तरी वादळी पावसात डोंगरातल्या वाडीची लाईट जाते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही जनरेटरचा खर्च धरला नाही. हिवाळ्यात पाणी गार पडलं की तिलापियाची भूक मंदावते, वाढ रखडते. तेही लिहिलं नाही. बोटुकली मेली, तुमचं कमिशन सुटलं, बँकेचा हप्ता शेतकऱ्याच्या माथी राहिला.

अशी टाकी इथे चालते का, हे आधी तपासून पाहायला सरकारचा पैसा आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 मध्ये लहान उद्योगांच्या संशोधनासाठी ‘एसबीआयआरआय’ योजना सुरू केली. 2012 मध्ये स्थापन झालेलं ‘बायरॅक’ नवी कल्पना पडताळायला 50 लाखांपर्यंत अनुदान देतं. प्रयोग फसायचा तर तो अशा पैशावर फसावा, शेतकऱ्याच्या कर्जावर नव्हे. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून खडस माशाची पैदास चालू आहे; माशाचं शास्त्र असं वर्षानुवर्षं पाण्याशी बसून उभं राहतं.

पाटणच्या शिकलेल्या पोरांनो, ते अनुदान तुम्ही मागा. गार पाण्यात, लाईट नसताना तग धरणारी टाकी इथेच घडवा.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, अहवालावर सही करण्याआधी एकच विचारा: ही टाकी आपल्या तालुक्यात एक पावसाळा आणि एक हिवाळा चालवून दाखवली आहे का? नसेल, तर सही करू नका.

कोयनाकाठचा एक मत्स्यशेतकरी