साठ लिटरचं खूळ

अहो, लोकांना झालंय तरी काय? कालपर्यंत भिंतीत खिळा ठोकायचा तर सोसायटीच्या वॉचमनला हाक मारणारी माणसं आज हॉलच्या मधोमध अठरा एमएमचं प्लायवूड आडवं घालून बसलीत! कानामागे पेन्सिल, हातात टेप, भुवयांवर भुसा. शेजाऱ्यांना वाटलं, चला, चपलांचं कपाट होतंय एकदाचं. कसलं कपाट अन् कसलं काय. बेसचा खोका होतोय, खोका! बारा इंची वूफर मावेल असा, एकट्याला उचलता येऊ नये असा, आणि दुकानात तयार मिळत असताना बोटांत कुसळं भरवून घेऊन घरी केलेला.

कुणी म्हणेल, करू द्या बापड्यांना, पत्ते कुटण्यापेक्षा बरं. बरं? पत्ते कुटणारा रात्री अकराला निदान घरी येऊन झोपतो तरी. हा प्राणी रात्री अकराला लॅपटॉप उघडून रेघा बघत बसतो. 'विनआयएसडी' म्हणून एक फुकटातलं सॉफ्टवेअर आहे. त्यात वूफरचे आकडे भरायचे, खोक्याचे लिटर भरायचे, की पडद्यावर एक रेघ उमटते. रेघ तीस हर्ट्झपर्यंत सपाट आली की स्वारी खूश, साठावरच घसरली की जेवणावरची वासना उडते. पोराची दहावीची मार्कलिस्ट तरी कुणी एवढी निरखून बघितली होती का?

आणि बाजाराची काय अवस्था करून ठेवलीय या मंडळींनी! पुण्यात पासोड्या विठोबापाशी जाऊन बघा. विठोबा राहिला बाजूला, सगळी पावलं तपकीर गल्लीकडे. मुंबईकरांची तीच तऱ्हा लॅमिंग्टन रोडवर. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "आवाज मोठा आहे ना?" दुकानदार म्हणायचा, "एकदम दणका, साहेब." व्यवहार संपला. आता गिऱ्हाईक विचारतं, "एफएस किती? क्यूटीएस किती? व्हीएएस छापलाय का?" दुकानदार बिचारा वूफर उलटा करून मागच्या मॅग्नेटवर काही लिहिलंय का शोधतो. तिथे फक्त हजार वॉट लिहिलेलं असतं, तेही मोठ्या अक्षरांत, आणि ते खरं नसतं हे दोघांनाही ठाऊक असतं.

या सगळ्याचं खापर कुणावर फोडायचं तर ऑस्ट्रेलियावर फोडा. तिथल्या नेव्हिल थील नावाच्या अभियंत्यानं 1961 साली एक लेख लिहिला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉलनं त्यावर कळस चढवला. तोवर स्पीकरचा खोका म्हणजे बहुतेकांच्या लेखी अंदाजपंचे दाहोदरसे होतं. या दोघांनी सांगितलं की वूफरचे हे एफएस, क्यूटीएससारखे मोजून काढलेले मोजके आकडे द्या, खोका किती लिटरचा हवा ते गणितानं काढून देतो. झालं! गणिताच्या तासाला बाकाखाली लपणारी पोरं मोठी होऊन आज याच गणितावर पैजा लावतायत.

म्हणजे हे आहे तरी काय, तेही समजून घेऊ. नाहीतर उद्या म्हणाल, न कळता नावं ठेवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना? बाटली मोठी, तर सूर खाली. मान लांब, तर सूर आणखी खाली. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास करून ठेवला. बेसचा खोका त्याच नियमानं बांधतात. फक्त फुंकर मारायला तोंडाऐवजी वूफर, आणि मानेच्या जागी पीव्हीसीची नळी. होय, तीच ती संडासाच्या लाइनला लागते ती! हार्डवेअरवाला विचारतो, "बाथरूम काढलंय का, काका?" काका मान डोलावतात. हॉलमधल्या संगीतासाठी ड्रेनेजचा पाइप नेतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

इथून पुढे खरी मजा. साठ लिटरचा खोका तीस हर्ट्झवर घुमवायचा, तर दहा सेंटीमीटर व्यासाची नळी साधारण छत्तीस सेंटीमीटर लांब लागते. खोक्यात ती कशीबशी मावते. पण घरात हा विषय निघतो तेव्हा संवाद असा होतो:

"अहो, हे केवढं धूड?"

"अगं, साठ लिटर फक्त."

"पाणी दिवसाआड येतं आपल्याकडे. त्याला साठ लिटरचं पिंप आणा म्हणून किती वर्षं सांगतेय!"

मग तह होतो. साठाचे तीस लिटर. स्वारी विजयी मुद्रेनं पुन्हा आकडे भरते आणि किंचाळते, कारण अर्ध्या खोक्यात तोच सूर काढायचा तर तीच नळी ऐंशी सेंटीमीटर होते. खोका जेमतेम फूटभर, नळी अडीच फुटांपेक्षा जास्त! मग नळीला एल्बो लावा, ती आतल्या आत वळवा, नाहीतर मागून बाहेर काढा. बारीक नळी घ्यावी तर तिच्यातून वारा शिट्टीसारखा फुसफुसतो. या अडचणीला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात: खोल बेस, लहान खोका आणि थोडक्या वॉटमध्ये मोठा आवाज, यांतली दोनच सुखं एका वेळी मिळतील. तिसऱ्याचं नाव काढायचं नाही. प्रपंचात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला लागावं? पण नाही, प्रत्येकाला वाटतं आपल्याच खोक्यात तिन्ही बसतील.

बरं, खोका झाला म्हणजे संपलं का? आठ बाय चारचा अठरा एमएमचा एमडीएफ चाळीस किलोच्या आसपास भरतो. लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून जिन्यानं चढवतात, वर 'पावसाळ्यात फुगला तर' म्हणून हळहळतात आणि पुढच्या खेपेला प्लायवूड आणतात. फेविकॉल लावला की सांधे दाबून ठेवायला वजन हवं. क्लॅम्प महाग. मग माळ्यावरचा पाटा-वरवंटा कित्येक वर्षांनी खाली उतरतो. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड घरात असतील तर त्यांचाही या निमित्तानं प्रथमच उपयोग होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं माणूस खोक्यासमोर मांडी घालून, हातात पेटती उदबत्ती धरून, ती कडेकडेनं सावकाश फिरवताना दिसतं. सासूबाईंना भरून येतं, म्हणतात, उशिरा का होईना देवाधर्माचं सुचलं. धर्म कसला! आतला स्पीकर चालू असतो आणि कुठल्या फटीतून हवा सुटतेय ते उदबत्तीच्या धुरावरून बघणं चाललेलं असतं. धूर हलला की सिलिकॉनची ट्यूब. पुन्हा उदबत्ती. पुन्हा ट्यूब. मग बोटाच्या पेरानं खोक्यावर टकटक करून कान लावायचा. 'ठक्' आलं तर पास, 'ढब' आलं तर आत आणखी एक आडवी पट्टी.

याच्यावर कडी म्हणजे रांगणं. हो, रांगणं! खोका ठेवायचा कुठे, हे ठरवायची जगन्मान्य पद्धत अशी की तो उचलून सोफ्यावर, म्हणजे आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर हॉलभर हिंडायचं. जिथे बेस नीट ऐकू येईल तिथे खोका. साठीच्या घरातला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस टीपॉयखालून डोकं काढून "इथे! इथे!" म्हणून ओरडतोय, हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्यानं काय पाहिलं? अन् शास्त्र त्याच्याच बाजूनं, हे आणखी संतापजनक. बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून बसतो. भिंतीला टेकून बसलात तर छाताडावर दणका, खोलीच्या मधोमध सरकलात तर बेस गायब. मध्यमवर्गीय हॉल साधारण बाराच फुटांचा आणि सोफा भिंतीलाच चिकटलेला. म्हणजे दणका आपल्या नशिबातच लिहिलेला!

आता सांगा, ही माणसं कोण? विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बी आली की खिडक्या लावून घेणारी हीच ना? संपादकांना पत्रं लिहिणारी? 'आमच्या लहानपणी ढोल-ताशे असायचे हो' म्हणून उसासे टाकणारी? रस्त्यावर वाजला की गोंगाट, घरात वाजला की 'लो फ्रिक्वेन्सी एक्स्टेन्शन'! आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. कायदाही त्यांना पाठ. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री दहानंतर पंचेचाळीस. मोबाइलवरचं मीटर दाखवतात, "बघा, मर्यादेत आहे." अन् इथेच खरी गोम आहे. ही मर्यादा ज्या 'ए' मापानं मोजतात, ते माप पन्नास हर्ट्झच्या आवाजातून तीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं, कारण माणसाचा कान खालच्या सुरांना मुळात मंद. मीटर शहाण्यासारखं गप्प, आणि खालच्या मजल्यावरच्या मांडणीतली ताटं थरथरत पुढे सरकतायत. वरचे सूर भिंतीला अडतात, हा मेला बेस भिंतीतून पाहुण्यासारखा थेट आत येतो. तक्रार करायची कशाच्या जोरावर?

विलायतेत तर याहून थोर मंडळी होऊन गेली, त्यांचं ऐकाल तर आपले काका संतमहात्मे वाटतील. 'व्हार्फडेल' कंपनीचे संस्थापक ब्रिग्ज खोक्याच्या भिंतींत वाळू भरायला सांगत, आणि त्यानंही थरथर थांबेना तर खोलीच्या कोपऱ्यात विटांचाच खोका बांधा म्हणत. विटांचा! म्हणजे सुताराऐवजी गवंडी. अमेरिकेत 1974 साली 'अर्थक्वेक' सिनेमाला 'सेन्सराउंड' नावाचे अजस्र बेसचे खोके थिएटरात लावले. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून वर जाळी बांधायची वेळ आली. 1979 साली 'टेलार्क'नं चायकोव्हस्कीच्या संगीतरचनेची खऱ्या तोफांसकट रेकॉर्ड काढली आणि 'तुमचे स्पीकर जपा' असा इशारा तिच्यावरच छापला. खप कमी झाला असेल असं वाटतं? आणि ब्रूस थिग्पेन या गृहस्थानं तर वूफरचा शंकूच काढून टाकला आणि जागी पंखा बसवला! पाती फिरता फिरता कोन बदलतात आणि कानाला ऐकूच येणार नाही इतका खालचा सूर काढतात. त्याला खोका म्हणून शेजारची अख्खी खोली लागते. आपल्याकडे शेजारची खोली रिकामी असती तर ती भाड्यानं दिली नसती का?

तरी एक सांगू? हे खूळ आपल्याला नवीन आहे असं कुणी म्हणू नये. रेडिओच्या जमान्यात माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवून आवाज घुमवणारी माणसं आपल्याच आळीत होती. उन्हाळ्यात पाणी, पावसाळ्यात विविध भारती. लिटर, क्यूटीएस वगैरे भानगड नाही, कुंभार देईल तो खोका. आणि खरं बोलायचं तर त्या माठातला तबला अजून कुणी विसरलेलं नाही.

बाटलेल्यांची यादी तर विचारूच नका. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांनी आयुष्यभर ट्रान्झिस्टरवर फक्त बातम्या ऐकल्या, ते आता 5200 आणि 1943 हे आकडे खातेक्रमांकासारखे म्हणून दाखवतात. ते अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरचे नंबर आहेत, हे काकूंना सहा महिन्यांनी कळलं. वरच्या मजल्यावरच्या ज्या वहिनी "बंद करा ते आधी" म्हणून तणतणत खाली आल्या, त्या भजनातला पखवाज ऐकून दारातच थबकल्या. डाव्या बाजूची थाप पोटात उतरली म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान टेप घेऊन माप काढायला हजर. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात बसेल का, एवढंच त्यांनी विचारलं. एका घरी गणपतीचं मखर करायला बोलावलेला सुतार मखर अर्धवट टाकून खोक्याला भिडला, आणि कंपाउंडच्या भिंतीआडून आता त्याच्या स्वतःच्या घरातून धम-धम येते. एक नवरदेव तर म्हणे रुखवतात काय हवं असं विचारल्यावर "अठरा एमएमचे दोन शीट" म्हणाला. ही शेवटची गोष्ट ऐकीव आहे, पण न पटण्यासारखं तिच्यात काही नाही.

आणि आपण? आपण आपले सज्जन. आपण फक्त बघतो, हसतो, नाक मुरडतो. आपण काही खोकेबिके करत नाही. आपल्या सोफ्यामागे चादरीखाली जे आहे ते स्टूल आहे, आणि त्याला समोरून भोक आहे ते हवा खेळती राहावी म्हणून. तुमच्याकडचंही तसंच असणार, आम्हाला माहीत आहे. तेव्हा उगाच एकमेकांची झडती घ्यायला नको. मात्र घराचं नूतनीकरण काढलं असेल आणि जुन्या कपाटाचं प्लायवूड भंगारात देणार असाल, तर भंगारवाल्याआधी आम्हाला कळवा. अठराचंच हवं, बाराचं थरथरतं. सोबत चार इंची पाइपचा फूटभर तुकडा उरला असेल तर तोही ठेवा, आणि फोन रात्री दहाच्या आत करा. दहानंतर ऐकू येत नाही.