डॉलरची बांधी

न्यू जर्सीतल्या पुतण्याला पवनीकडे धानाची बांधी घ्यायची आहे. कागद तयार: सत्तर टक्के भांडवल, तीस टक्के कर्ज. पण फेमा कायदा परदेशस्थ भारतीयाला फ्लॅट घेऊ देतो, दुकान घेऊ देतो. शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. वारसाहक्काने मात्र चालते. म्हणजे विकत घेऊ नका, वाट बघत बसा! यावर सल्लागाराचा तोडगा: डॉलर पुतण्याचे, सातबारा काकांचा, वर सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज, वेळेत फेडलं तर बिनव्याजी. अशा सुबक रचनेसाठी बेनामी व्यवहारांच्या कायद्याने सात वर्षांपर्यंत सरकारी निवासाची सोय ठेवली आहे, हे सल्लागार फीच्या पावतीवर लिहीत नाही. काकांनी अजून सही केलेली नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "रोवणीले येशीन का गा?"