नागपुरात माउंटन बाइक चालवण्याची रीतसर माहिती

नवशिक्याने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: नागपुरात पहाड नाही. समुद्रसपाटीपासून शहराची उंची सुमारे तीनशे मीटर, आणि कुठेही उभे राहिलात तरी जवळपास तेवढीच. सीताबर्डीची टेकडी आहे, पण तिच्यावर किल्ला आणि किल्ल्यात फौज. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा ठरावीक दिवशी लोकांना वर सोडतात. त्या गर्दीत सायकल घुसवण्याचा विचार करू नये. उरली सेमिनरी हिल्स. फुटाळ्याकडून ती चढताना पहिल्या महिन्यात धाप लागते आणि दुसऱ्या महिन्यात लक्षात येते की चढ संपलासुद्धा.

तरीही गल्लीगल्लीत जाड टायरच्या सायकली दिसतात. शेजारच्या काकांनी हटकले, "काऊन बे, कुठचा पहाड चढून राहिला?" तर उत्तर तयार ठेवावे: "काका, पहाड नाही, रस्ता." या उत्तरात थट्टा कमी आहे. पुढे कळेलच.

खरेदी. दुकानात शिरताच सर्वात जास्त चमकणारी सायकल समोर आणली जाईल. पुढे सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन, एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क, आणि किंमत ऐकून तुम्हीच दुकानदाराला फसवताय असे वाटेल इतकी कमी. ती घेऊ नका. फ्रेमवरची स्टिकरे वाचायची सवय लावा. एका बाजूला मोठ्या अक्षरांत 'माउंटन' आणि सीटखाली बारीक अक्षरांत 'खडबडीत रस्त्यावर वापरू नये' असे एकाच सायकलवर लिहिलेले सापडते. स्वस्त मागचे सस्पेन्शन म्हणजे पायडलवर घातलेला निम्मा जोर खाऊन बसणारी स्प्रिंग. तेवढ्याच पैशांत पुढचा बरा फोर्क, मागे साधी ताठ फ्रेम आणि खात्रीचे ब्रेक मिळतात. फ्रेमचा साइज उंचीप्रमाणे घ्या. 'पोरगा अजून वाढेल' हा हिशेब शाळेच्या बुटांपुरताच ठेवा. घरी आणल्यावर आई विचारणार, "एवढे पैसे घालून हिला स्टँडही नाही?" याला उत्तर नाही. बसवून घ्या.

जुनी सायकल मिळत असेल तर लाजू नका. हा खेळच भंगारातून निघाला आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याची शर्यत लावली. ब्रेक पायडल उलटे दाबून लागणारे. एका उतारात मागच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. आणि आपल्याकडे? दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून, काळ्या चोवीस इंची सायकलवर, चिखलाच्या धुऱ्यावरून पहाटे शहरात येणारा दूधवाला हेच सगळे सस्पेन्शनशिवाय करत होता. त्याला पदक मिळाले नाही. दुधात पाणी घालतो हा संशय मात्र मिळाला.

आता हवा. हँडलवर मोबाइल कुठे लावायचा यावर नवशिके तासभर बोलतात आणि टायरमध्ये किती पौंड हवा आहे हे त्यांना ठाऊक नसते. टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो. तो मर्यादेचा आकडा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला दोन इंचांच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये मुरमाच्या वाटेवर तीसेक पौंड पुरतात, डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर पंचेचाळीस-पन्नास. जास्त हवेने सायकल खड्यांवरून उडते. फार कमी हवेने ट्यूब रिमखाली चेंगरून शेजारीशेजारी दोन भोके पडतात. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथला पाइप ट्रकच्या हिशेबाने चालतो. जपून. बारीक वॉल्व्ह असेल तर स्वतःचा पंप घ्या.

विदर्भात पंक्चरला दोन वनस्पती जबाबदार: बाभूळ आणि सराटा. कुठल्याही शेताच्या कडेने गेलात की त्यांची भेट ठरलेली. सुलेशन, चकत्या, काटा उपसायला छोटी पकड आणि एक जादा ट्यूब सोबत असावी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो आतच राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरही टिकत नाही.

ब्रेकबद्दल एक कडक सूचना. डिस्क ब्रेक किंचाळू लागला की कोणीतरी भला माणूस त्यात तेलाचे दोन थेंब सोडतो. आवाज तत्काळ थांबतो. ब्रेकही. चेनला तेल देतानासुद्धा डिस्कवर फडके धरा.

वाटेवरचे तंत्र समजायला सोपे आणि अंगवळणी पडायला अवघड आहे. उतारावर सीटवरून उठा, दोन्ही पायडल समपातळीत, गुडघे आणि कोपरे सैल, वजन थोडे मागे. नजर जिथे जायचे तिथे ठेवा. दगडाकडे पाहिले की सायकल त्या दगडावरच जाते. या नियमाला अपवाद नाही. खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबू नका. पण सुट्या मुरमावर, वळणात, पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर हँडल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो. हेल्मेट घाला. त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधायचा असतो, हँडलला नाही.

गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही नावे ऐकून अंगात उत्साह संचारेल. तो वन खात्याच्या परवानगीपर्यंत आवरा. हे शहर वाघांची राजधानी म्हणून मिरवते आणि त्यात अतिशयोक्ती थोडी आहे. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्याही असतो. भल्या पहाटे, एकट्याने, कानात गाणी लावून जंगलालगतच्या वाटेवर जाणे हे साहसात मोडत नाही. एरवी तुम्हाला रोज भेटणारा प्राणी कुत्रा आहे. फिरणारी पोटरी दिसली की त्याचा संयम सुटतो. वेगात पळणे जमत नसेल तर थांबा, उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरा आणि चालू लागा. शर्यत संपली हे त्याला लगेच कळते.

शर्यतीची तयारी करणाऱ्याने एकदा ठरवावे की कोणती शर्यत. ऑलिंपिकच्या धर्तीची क्रॉस-कंट्री साधारण दीड तासाची असते आणि त्यात जीव काढणारे चढ पुन्हापुन्हा येतात. नागपुरात ते आणणार कुठून? रामटेकच्या गडाचा रस्ता आहे, पण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. एरवी आमचा घाट म्हणजे उड्डाणपूल. पहाटे एकाच पुलावर दहादा चढणारा-उतरणारा माणूस दिसला तर त्याचे काही हरवलेले नाही. तो सराव करतोय. ज्या पुलावर सायकलला मनाईचा फलक आहे तिथे मात्र जाऊ नका.

सपाटीला हसणाऱ्यांना डॉ. अमित समर्थ यांचे नाव सांगावे. या नागपूरकर डॉक्टरांनी 2017 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली आणि 2018 मध्ये रशियात नऊ हजार किलोमीटरहून लांब सायबेरियन शर्यत. दोन्ही रस्त्यावरच्या. तुमच्या पहिल्या शर्यतीसाठी इतके पुरे: आठवडाभर आधी नवीन काही बसवू नका, आदल्या रात्री सावजी खाऊ नका, आणि तर्री पोहे शर्यतीनंतर.

आता खरा डोंगर. सोमवारी सकाळी साडेनऊ, घर ते ऑफिस. सिमेंटचा रस्ता कडेला जिथे संपतो तिथे एकदम वीतभर खाली माती. ट्रेलवर याला 'ड्रॉप' म्हणतात आणि त्यासाठी लोक पैसे भरून शिबिराला जातात. ही कड कधीही तिरकी चढू नका. पुढचे चाक घासते आणि माणूस मागून येणाऱ्या ऑटोसमोर आडवा. काटकोनात जा, हँडल उचला. पेव्हर ब्लॉक, रंग न दिलेले गतिरोधक, जाळी हरवलेले चेंबर हे सगळे अभ्यासक्रमात आहे, शिकवणी फुकट. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन आले की ठरावीक रस्त्यांवरचे खड्डे रातोरात बुजतात. सरावाची जागा तेवढ्यापुरती बदलावी. पुढच्या पावसाळ्यात जुनी परत मिळते.

2021 मध्ये केंद्राच्या सायकल स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होते, बक्षीस एक कोटी. म्हणून शहरात कुठे रंगवलेली सायकलपट्टी दिसली तर हरखून जा, पण तिच्यावर लावलेल्या कारचे दार अचानक उघडते हे विसरू नका. दाराची रुंदी सोडून चाला. मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते, ही सोय फार थोडे लोक वापरतात. मागे लाल दिवा आणि मडगार्ड लावा. माउंटन बाइकला मडगार्ड शोभत नाही असे म्हणणाऱ्याचा पावसाळ्यातला शर्ट पाठीकडून पाहावा.

ऋतूंचे सांगायचे तर हिवाळा तुमचा. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फोर्कमध्ये अशी बसते की चाक फिरायचे थांबते. त्या दिवसांत मुरमाची वाट धरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवतपात सकाळी आठच्या आत घरी परता, पाण्यात मीठ-साखर घाला, डोक्याला दुपट्टा बांधून वर हेल्मेट. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याची बाटली काढून नाही.

आणि रविवारी पहाटे निघायचे असेल तर हवा शनिवारी रात्रीच बघून ठेवा. साडेपाचला एकही पंक्चरवाला उठलेला नसतो.