उरलेल्या रजेचा भाव

किरकोळ रजा 31 डिसेंबरच्या रात्री मरते. अर्जित रजा मात्र मरत नाही. ती साठते आणि नोकरी सुटताना पैशाच्या रूपाने मालकाच्या दारात येऊन उभी राहते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याच्या खात्यात ती 1 जानेवारीला पंधरा दिवस आणि 1 जुलैला पंधरा दिवस अशी जमा होते आणि 300 दिवसांवर थांबते. दुकाने आणि कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात ही मर्यादा 45 दिवसांची आहे. बाकीच्या कंपन्यांत जे काही एचआरच्या धोरणात लिहिले असेल ते. ते धोरण कर्मचारी सहसा राजीनामा दिल्यावर पहिल्यांदा वाचतो.

शिल्लक रजेचे पैसे नोकरीत असतानाच घेतले, तर त्यावर सरसकट कर लागतो. इथे सरकारी आणि खासगी असा भेदभाव नाही. भेदभाव सुरू होतो तो नोकरी संपल्यावर. केंद्र किंवा राज्य सरकारचा कर्मचारी निवृत्त झाला की त्याच्या रजेची सगळी रक्कम करमुक्त. सरकारी बँकेतला अधिकारी जन्मभर स्वतःला सरकारी समजत असला, तरी या कामापुरता तो खासगी ठरतो आणि खासगीवाल्यांच्या रांगेत उभा राहतो.

त्या रांगेतल्या माणसासाठी चार आकडे काढले जातात: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, पंचवीस लाख रुपये, शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची दहापट, आणि प्राप्तिकर कायद्याच्या मापाने शिल्लक असलेल्या रजेची किंमत. या चारांतला सर्वांत लहान आकडा करमुक्त. पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता आणि बाकीचे भत्ते या हिशेबात येत नाहीत. ज्यांचे मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवलेले असतात, त्यांना ही युक्ती कोणाच्या सोयीची होती ते इथे कळते.

खरी गंमत चौथ्या आकड्यात आहे. कायदा वर्षाला जास्तीत जास्त तीस दिवस रजा मान्य करतो, आणि तीही फक्त पूर्ण झालेल्या वर्षांची. समजा, एखाद्या उदार कंपनीने वर्षाला चाळीस दिवस रजा दिली. माणूस तिथे वीस वर्षे अकरा महिने राबला. पूर्ण वर्षे धरून 800 दिवस मिळाले, त्यांतले 500 त्याने घेतले आणि 300 उरले. सरासरी पगार 60 हजार धरला, तर कंपनी त्याला सहा लाख देते. कायदा मात्र म्हणतो की वीस वर्षांचे 600 दिवसच. त्यांतून घेतलेले 500 वजा जाता उरले 100. म्हणजे दोन लाख करमुक्त आणि चार लाखांवर कर. कंपनीने जादा दिलेल्या दिवसांना कायदा ओळखच देत नाही, पण घेतलेली रजा मात्र त्याच्या तीस दिवसांतूनच कापतो. वरचे अकरा महिने तर हिशेबात येतच नाहीत.

पंचवीस लाखांचा आकडा नवा आहे. त्याआधीची तीन लाखांची मर्यादा 2002 मध्ये ठरली होती, तेव्हा सरकारमधला सर्वोच्च मूळ पगार महिना तीस हजार होता. त्याची दहापट म्हणजे तीन लाख. मग वेतन आयोग आले, पगार वाढले, मर्यादा तिथेच बसून राहिली. अखेर 2023 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ती पंचवीस लाखांवर नेली, आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. कॅबिनेट सचिवांचा अडीच लाखांचा पगार दहाने गुणला की हाच आकडा येतो. मात्र ही सूट आयुष्यभरासाठी एकदाच मोजली जाते. एका नोकरीत दहा लाख वापरले, तर पुढच्या नोकरीसाठी पंधराच उरतात. सतत नोकऱ्या बदलणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. नव्या कंपनीच्या पेरोलला ते आपोआप कळत नाही.

राजीनामा देणाऱ्याला सूट नाही, असा समज एचआरमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. निवृत्ती ‘किंवा अन्य प्रकारे’ नोकरी सुटणे यात राजीनामाही येतो, असे न्यायालयांनी सांगितले आहे.

पीएफचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. एके काळी भविष्य निर्वाह निधी कार्यालय या रकमेवरही वर्गणी मागत असे. 2008 मध्ये मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीएफ ज्यावर कापायचा, ते वेतन सर्वांना साधारणपणे मिळणारे असावे लागते. रजेचे पैसे ज्याने रजा घेतली नाही त्यालाच मिळतात. त्यामुळे फुल अँड फायनलमध्ये रजेच्या रकमेवर ना कर्मचाऱ्याचे बारा टक्के कापायचे, ना मालकाने आपले बारा टक्के घालायचे. मालकाला हे तत्त्व ताबडतोब पटते. टीडीएस मात्र करपात्र भागावर कापला जातोच, आणि त्याबद्दल कोणाचे दुमत नसते.

नोकरीत असतानाच माणूस गेला, तर वारसांना मिळणाऱ्या रजेच्या रकमेवर कर नाही. तो सरकारी होता की खासगी, हे कोणी विचारत नाही. चार आकड्यांतून सुटण्याचा हा मार्ग कोणी निवडू नये. बाकीच्यांनी आधीच्या नोकरीत किती सूट वापरली हे दाखवणारा फॉर्म 16 जपून ठेवावा आणि नव्या मालकाला दाखवावा.