महाग गावी म्हातारे होण्याची कार्यपद्धती

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या जोडीला एक सल्ला हमखास मिळतो: ‘आता गावाकडे जा, स्वस्तात आणि मस्तात राहा.’ शाल वापरावी, नारळ फोडावा, घड्याळ कुणाच्या तरी वास्तुशांतीला पुढे सरकवावं. सल्ल्याचं काय करावं, यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका आहे.

मी छत्तीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. दुसऱ्याच्या खर्चावर आक्षेप काढायचे आणि त्याने जोडलेलं समर्थन वाचून मान हलवायची, हेच काम. त्यामुळे न परवडणाऱ्या खर्चाला परवडेल असं समर्थन कसं लिहावं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पेन्शनीत न बसणारं गाव ज्यांनी मनोमन ठरवून टाकलंय आणि ज्यांना फक्त फाइलीत लावायला कारणं हवी आहेत, त्यांनीच पुढे वाचावं.

गाव पुरेसं महाग आहे की नाही, हे सर्वप्रथम तपासावं. त्यासाठी रेडी रेकनर उघडायची गरज नाही. भाजीच्या गाडीवर जावं, पाव किलो मिरची घ्यावी आणि पिशवीचं तोंड उघडं धरून दोन क्षण उगीच उभं राहावं. भाजीवाल्याने न मागता चार काड्या कोथिंबीर टाकली, तर ते गाव आपल्या कामाचं नाही. ‘काका, कोथिंबिरीचे वेगळे पडतील’ असं म्हणाला, तर नाव दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावं. आणि कोथिंबिरीशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला कसला तरी पाला दिसला, काय आहे विचारल्यावर तो थंडपणे ‘बेझिल’ म्हणाला, तर लगेच टोकन देऊन मोकळं व्हावं. मी पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत असंच केलं.

आता पैसा. सातारचं घर विकलं, ग्रॅच्युइटी घातली, अंशराशीकरणाची रक्कम घातली आणि एक कोटीत दोन खोल्या आल्या. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे सात लाख. नोंदणी फी तीस हजार, वेगळी. खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का माफ होतो. एक लाख वाचतात म्हणून मी घर हिच्या नावावर घेतलं. तेव्हापासून वर्तमानपत्र कुठे ठेवायचं, पाहुणे किती दिवस राहणार आणि माझी जुनी लोखंडी ट्रंक घरात राहणार की नाही, हे सगळे विषय मालकाच्या अखत्यारीत गेले. हा लाख रुपये फेडण्याचाच प्रकार आहे, फक्त हप्ते फार लांबचे आहेत.

उत्पन्नाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त तीस लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात आणि खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं हलत नाही. बाजार मात्र दररोज हलतो. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो: साठाव्या वर्षी ४० हजारांत भागत असेल तर बहात्तराव्या वर्षी ८० हजार आणि चौऱ्याऐंशीला १ लाख ६० हजार. सरकारी पेन्शनरांचं निवृत्तिवेतन वयाची ८० पूर्ण झाली की वाढतं. तोवर तग धरावी.

हा आकडा पाहून शहाणा माणूस घाबरतो आणि स्वस्त गावाच्या एसटीत बसतो. इथे पहिला आक्षेप नोंदवतो. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर छापलेली किंमत पुण्यात जी असते तीच गुहागरला असते. मोबाइलचं रिचार्जही गावाचं तोंड बघून दर लावत नाही. स्वस्त गावात स्वस्त असतात दोनच गोष्टी, जागा आणि भाजी. आणि भाजी फुकट मिळायला लागली की माणसाची सकाळ कशी जाते, ते मी स्वतः भोगलेलं आहे.

वडिलार्जित घर गुहागर तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे हापूसची सहा कलमं. निवृत्तीनंतरचे पहिले सात महिने आम्ही तिथे काढले. अठरा हजारांत दोघांचं यथास्थित भागायचं. सकाळी सहाला उठायचं, अंगण झाडायचं, माकडांनी सरकवलेली कौलं खालून न्याहाळायची, चहा घ्यायचा. हे सगळं करून घड्याळाकडे पाहावं तर पावणेआठ. नऊपर्यंत दिवस संपलेला असायचा आणि रात्र व्हायला अजून दहा तास. तक्रार करावी अशी एकही गोष्ट नव्हती. नारळ झाडाचा, शेवगा कुंपणाचा, मासे दारात. मी हिशेबाची वही उघडून बसायचो आणि लिहायला काही नसायचं.

मग एका रात्री दोन वाजता हिच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्याने जीप काढली. चिपळूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, भर पावसात. दुखणं निघालं दुपारी खाल्लेल्या फणसाच्या भाजीचं. ढेकर आली आणि सगळे हसलो. पण परत आल्यावर शेजाऱ्याने पैसे घेतले नाहीत. ‘दादा, तुम्ही काय परके?’ एवढंच म्हणाला. डिझेलचे तरी घे म्हटलं, तर त्याच्या बायकोने उलट आमच्याच हातात गरम पेजेचं भांडं दिलं. लेखापरीक्षकाला असली नोंद झेपत नाही. प्रमाणक नाही, पावती नाही, रक्कम नाही, आणि खातं कधीच बंद होत नाही. महाग गावात हे सुख असतं की प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला असतो. दिला की सुटलो.

इतर पर्यायही अभ्यासासाठी पाहून घेतले. महाबळेश्वर महाग आहे यात वाद नाही. २००१पासून तो सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेला असल्याने नव्या बांधकामावर बंधनं आहेत, म्हणून जुन्या बंगल्यांचे भाव ऐकूनच गारवा वाटतो. पण वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मीठ, पापड आणि माणूस तिन्ही सादळतात आणि जून ते सप्टेंबर गाऱ्हाणं ऐकायला गावात कुत्रं नसतं. नामंजूर.

गोव्यात आसगावचा विचार केला. भाव पाहून मन प्रसन्न झालं. अडचण निघाली ती शेजाऱ्यांची. ते दिल्लीहून आलेले, त्यांना तिथलं सगळं स्वस्त वाटतं. चहाचा कप अडीचशेला मिळाला तरी ते ‘किती वाजवी’ म्हणतात. अशा माणसांसोबत म्हातारपण काढता येत नाही. मूळचे गोंयकार महागाईबद्दल पोटतिडकीने बोलतात, नाही असं नाही, पण ते आपल्यामुळेच झालेल्या महागाईबद्दल बोलतात, तेव्हा मान डोलावताना जरा अवघड होतं. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत गोव्यातल्या पेन्शनरानं सुकटीवर काढावी की इभ्रतीवर, हे मला कळलं नाही.

मुलगा मेलबर्नला आहे, त्यानेही बोलावलं. आईवडिलांना तिथे कायमचं नेण्याचा जो त्यातल्या त्यात लवकर मिळणारा व्हिसा आहे, त्याची सरकारी फी माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर जाते आणि रांग इतकी लांब की नंबर लागेतो आपला इकडचा नंबर लागायचा. महागपणाच्या बाबतीत प्रस्ताव सर्वोत्कृष्ट होता. परंतु भाजीवाल्याशी इंग्रजीत घासाघीस करणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे, सबब तोही निकाली काढला.

तेव्हा प्रभात रोड. इथे आलो तेव्हा आमची इमारत तीन मजली होती, लिफ्ट नव्हती, महिन्याची वर्गणी अठराशे. म्हणजे फसवणूकच म्हणायची. पण वर्षभरात पुनर्विकासाचं वारं आलं. अकरा मजले झाले, दोन लिफ्ट, जनरेटर, पोडियमवर बाग, व्यायामशाळा आणि लॉबीत एक दगडी हत्ती. वर्गणी नऊ हजारांवर गेली. सोसायटीची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर आणि सभासदामागे वर्गणी महिन्याला साडेसात हजारांवर गेली की १८ टक्के जीएसटी बसतो, तो धरून १०,६२०. व्यायामशाळेच्या ट्रेडमिलवर चौथ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर पंचा वाळत घालतात. विचारलं तर म्हणतात, ‘वर्गणी भरतो, वापर तर झाला पाहिजे.’

वार्षिक सर्वसाधारण सभा साडेचार तास चालली. त्यात हत्तीच्या पुसण्याचा खर्च हा विषय एक तास दहा मिनिटं चालला. (हत्ती रोज पुसावा की आठवड्यातून दोनदा, यावर मतदान झालं.) गुहागरला सात महिन्यांत मी जेवढं बोललो नसेन तेवढं त्या दिवशी बोललो. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत रक्तदाब उतरल्याचं सांगितलं आणि गोळी अर्धी केली. हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर आहे. तिथलं बिल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नवख्यांनी दिनक्रम असा बसवावा. सकाळी टेकडी. उतरताना दुधाचे, पेट्रोलचे आणि घरकामाच्या बाईंनी मागितलेल्या वाढीचे दर एकमेकांना सांगावेत. मंगळवारी आणि शनिवारी चारपाच जणांनी मिळून महात्मा फुले मंडईत जावं. ती १८८६ची दगडी इमारत आहे, आत शिरल्यावर ‘आमच्या वेळी’ हे शब्द आपोआप तोंडात येतात. मटार गल्लीतल्यापेक्षा किलोमागे वीस रुपयांनी कमी मिळतो. दोन किलोला चाळीस वाचतात. पिशव्या जड होतात म्हणून येताना रिक्षा करावी लागते, ती शंभरात जाते. ही तूट कुणी विचारू नये, आम्ही घरी फक्त मटाराचा भाव सांगतो. संध्याकाळी कमला नेहरू पार्कचा बाक. तिथे ज्याच्याकडे सगळ्यात महागात पडलेली गोष्ट असेल त्याला मधली जागा मिळते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हेडमास्तर सहा आठवडे मध्ये बसले होते.

या एप्रिलमध्ये कलमांचा माल मी नेहमीप्रमाणे झाडावरच कंत्राटाने दिला. पंधरा दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी आंब्याची गाडी लागली. गवतात मांडलेला आंबा मी उचलला, देठाशी नाक नेलं.

“काका, गुहागरचा आहे. कर्नाटक नाही.”

“गुहागरात कुठला?”

“आता झाडाचं नाव पण सांगू का? बाराशे डझन. घ्यायचा तर घ्या.”

घेतला. घरी हिने पेटीतला आंबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, “हा विहिरीजवळच्या कलमाचा आहे. चोच बघा.” मी चोच बघितली. मला कंत्राटदाराने विहिरीजवळच्या कलमाचे डझनी किती दिले होते, ते वहीत लिहिलेलं होतं. वही मी उघडली नाही.

संध्याकाळी बाकावर मधली जागा मला मिळाली. सगळं सांगून झाल्यावर हेडमास्तर हळूच म्हणाले, त्याच गाडीवरून, त्याच सकाळी, त्यांनी अकराशेने घेतला. उद्या साडेआठला आम्ही पाच जण मिळून त्या गाडीवर जाणार आहोत.